सातच्या पुढचे कुंकू

भाद्रपद शुद्ध नवमी

काल गौरी गेल्या. मखराची फुले अजून उतरवायची आहेत. दुपारी विश्रांतीच्या वेळी शेवंती आली. कोपरीतल्या आमच्या गल्लीतील देवीचे देऊळ तिच्या आजेसासऱ्यांनी बांधले. घराणे खाडीवर मासेमारी करणारे. नवरात्राचा सारा कारभार आज तिच्या हाती आहे. माझी सौ. सुमती सून म्हणून आमच्या घरात आली त्या वर्षापासून नवरात्रात देवीला वाहायचे कुंकू तिच्या हातचे असते. हळद, लिंबाचा रस आणि चुन्याची निवळी, याखेरीज त्यात काही पडत नाही. तेच कुंकू गौरीच्या वेळी गल्लीत घरोघर वाटले जाते.

शेवंतीने पाण्याचा पेला अर्धाच पिऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "शास्त्रीबुवा, रागावू नका. यंदाचा कुकू झोंबतंय. माझे सुनेच्या कपालावर चट्टा उठलाय. मागच्या सालाला पण बायका बोलल्या, मी दाबून टाकलं. आता मंडलाच्या पोरी बोलतान, नवरात्राला बाजारातून आनू."

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिचा हा हक्क नव्हे, हे तिचे व्रत आहे. ते गेले तर तिच्याजवळ काय उरेल, याचा विचार मला करवेना. मी म्हणालो, "घटस्थापनेच्या आत नमुना देतो. त्यानेही झोंबले तर बाजारातून आणा."

"चालंल," शेवंती म्हणाली. "पन नमुना आधी माझेच कपालाला लावनार."

भाद्रपद शुद्ध एकादशी

न्यायशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. कार्य दिसले की कारण शोधावे, हा हाडीमासी मुरलेला स्वभाव आहे. कुंकू झोंबते हे कार्य. चुना अधिक पडला हे निकटचे कारण. पण तो अधिक का पडतो? पन्नास वर्षे पडला नाही, मग आताच का?

गौरीच्या आदल्या सकाळचे आठवून पाहिले. सौ. लाकडी काथवटीत हळद घेते, लिंबाच्या रसात भिजवते आणि पळीपळीने निवळी घालत मळते. हळद पिवळी असते ती एका क्षणी नारिंगी होते, मग लाल. तेथे थांबायचे. मी त्या वेळी समोरच्या पाटावर जपाला बसलेला असतो. दरवर्षीप्रमाणे तिने विचारले, "अहो, लाल झालं का?" जपात माझे मौन असते. मी मान हलवून होकार दिला. तरी तिने आणखी दोन पळ्या घातल्या. पुन्हा विचारले, मी पुन्हा मान हलवली, तिने पुन्हा एक घातली. पूर्वी ती एकदा विचारून थांबत असे. हल्ली मात्र पुन्हा पुन्हा विचारते आणि ऐकत नाही. वयाबरोबर माणूस हट्टी होतो, असे मनाशी म्हणून मी माळ पुढे ओढली.

तात्पर्य, दोष चुन्यात असावा. भट्टीचा चुना आता कोठे मिळतो? जांभळी नाक्यावरून दुसरा आणवतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी

नवा चुना आणून थोडे करून पाहिले. तेही झोंबते. हळद बदलली. तरीही झोंबते.

भाद्रपद वद्य द्वितीया

नात अक्षदा आजपासून आमच्याकडे राहायला आली. तिचे आईवडील कल्याणकडच्या मानपाड्याला असतात, कॉलेज ठाण्यात. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सारी हकीकत सांगितली. ती पायरीवर बसून शेंगा खात ऐकत होती.

"आजोबा, तुम्ही नुसते चुना बदलताय. किती लिंबाला किती चुना लागतो, हे मोजलंय का कधी?"

"तुझी आजी रंगावरून ओळखते."

"हो ना," ती म्हणाली आणि उगाच आजीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टायट्रेशन करू या. सरांना विचारून ब्युरेट आणते."

या विधीला आपल्या भाषेत अनुमापन म्हणतात. ब्युरेट म्हणजे खुणा कोरलेली एक उभी काचनळी, खाली तोटी. नळीत निवळी भरायची, खालच्या पेल्यात मोजून लिंबाचा रस. तोटीतून थेंब थेंब सोडत जायचे. ज्या थेंबाला लिंबातले सारे आम्ल आणि पडलेला चुना तंतोतंत एकमेकांस पुरे पडतात, एकाचाही कण अधिक उरत नाही, तो समबिंदू. हा शब्द माझा. ती इंग्रजी शब्द वापरते.

मी विचारले, "पितृपक्षात नवा उपक्रम आरंभावा काय?"

"उपक्रम नाहीये आजोबा, होमवर्क आहे," ती म्हणाली. सौ. पदराआड हसली. गौरी गेल्यापासून प्रथमच.

भाद्रपद वद्य चतुर्थी

आजचा दिवस विलक्षण गेला. सकाळची पूजा आटोपून आम्ही खिडकीशी बसलो. अक्षदाने पेनासारखे एक मापक आणले आहे; द्रवात बुडवले की आकडा उमटतो. सातच्या खाली आंबट, सातच्या वर चुन्याच्या जातीचे, आणि सात म्हणजे शुद्ध पाण्यासारखे, दोन्हीकडचे नव्हे असे. पाठ्यपुस्तकात या स्थितीला उदासीन म्हटले आहे. वाचून समाधान वाटले.

मी म्हणालो, "मग प्रश्नच मिटला. विरुद्ध धर्मांचे दोन पदार्थ समसमान झाले की सात यायचे. सातवर थांबा. तेथे लिंबू नाही, चुना नाही, झोंबणे नाही."

"थांबते," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी खट्याळपणा होता.

पेल्यात चिमूटभर हळद होती. थेंब पडत गेले. आकडा रेंगाळत चढला, मग झपाट्याने. सातवर तिने तोटी बंद केली. हळद पिवळीधमक.

"घ्या तुमचं कुंकू," ती म्हणाली.

मी मापकाला दोष दिला. तिने ते साध्या पाण्यात बुडवून दाखवले, सातच आले. म्हणाली, "सातला लिंबू अजून थोडं शिल्लक आहे, आजोबा." पुरावा मागितला. तिने प्रत्येक थेंबागणिक आकडा मांडून एक रेघ काढली. रेघ आधी सपाट चालते, मग डोंगराच्या कड्यासारखी उभी चढते, मग वर पुन्हा सपाट होते. समबिंदू त्या कड्याच्या मध्यावर. आणि तो मध्य सातच्या वर होता, आठही ओलांडून.

"हे कसे? दोघे समान झाले आणि पाणी मात्र चुन्याकडे झुकलेले?"

"लिंबू दुबळं आम्ल आहे आणि चुना जोरदार. दुबळं आम्ल आपला भाग सोडतं, पण मनापासून सोडत नाही. चुन्याने तो काढून घेतला तरी लिंबाचा जो अंश पाण्यात उरतो, तो पाण्याकडूनच थोडा भाग परत घेतो. पाण्याचं जे मागे उरतं ते चुन्याच्याच जातीचं. म्हणून पाणी तिकडे कलतं."

"आणि दोघेही जोरदार असते तर?"

"बाथरूम धुवायचं आम्ल घेतलं असतं तर बरोब्बर सातला आलं असतं. आम्ल जोरदार आणि समोरचं दुबळं असतं तर सातच्या खाली. कोण कोणाला भेटलं, त्यावर आहे सगळं."

मी प्रवचनांतून कितीदा सांगितले असेल की द्वंद्वे समान झाली की चित्त निस्तरंग होते. त्यात ही अट कोणी घातली नव्हती की येणारे दोघे किती बळाचे आहेत हे आधी पाहावे. दुपारभर हाच विचार. लज्जा मुळीच नाही, उलट या वयात एखादी नवी खोली उघडावी तसे वाटले. आणि आणखी एक गोष्ट: हळद लाल होते तीही आठच्याच आसपास. म्हणजे कुंकवाचा लाल रंग हा त्या कलण्याचाच रंग आहे. सृष्टीने सातचा हट्ट धरला असता तर कोणाच्या कपाळी कुंकू लागले नसते.

सौ.ला हे सांगायला आत गेलो. ती देवासाठी जास्वंदी निवडत होती. हल्ली प्रत्येक फुलाला बोटांनी चाचपून मग परडीत ठेवते, जणू त्याची विचारपूस करते. वार्धक्यात भक्ती कशी सूक्ष्म होते ते पाहून मी न बोलताच परत आलो.

भाद्रपद वद्य पंचमी

आमटीत आज ओल्या लाल मिरचीऐवजी हिरवी होती, तीही दोन्ही वेळा. सौ.चे लक्ष कुंकवात आहे.

अक्षदाने आज एक चमत्कारिक प्रस्ताव मांडला. "आजोबा, रंगाऐवजी वासाने ओळखता येतं. काही वास चुन्याच्या बाजूला गेलं की नाहीसे होतात. कांद्याचा जातो."

"चातुर्मासात कांदा? देवीच्या कुंकवात?"

"कुंकवात नाही, शेजारच्या पेल्यात. तिथे प्रमाण काढायचं, मग काथवटीत वापरायचं."

"शेजारच्या पेल्यातही नाही. आणि हळदीचा रंग समोर धडधडीत दिसत असता वासाची यातायात कशाला?"

ती उत्तर देणार होती, पण सौ. मध्येच म्हणाली, "अहो, पोर म्हणते तर बघू या ना." एवढ्या घाईने ती कधी माझे बोलणे तोडत नाही. "आणखी कशाचा वास जातो गं?"

"व्हॅनिलाचा. लवंगेच्या तेलाचा पण जातो, पण..."

लवंग. तांबुलात असते, देवीला चालते. मी तेथेच निर्णय दिला. अक्षदा म्हणाली, "लवंगेचं जमेल का ते बघावं लागेल, आजोबा." मी म्हणालो, शास्त्राला मान्य आहे तेवढे पुरे.

भाद्रपद वद्य सप्तमी

अक्षदा मानपाड्याला गेली आहे. तिच्यावाचून अडू नये म्हणून आम्ही दोघांनीच लवंगेचा प्रयोग केला. पेल्यात लिंबाचा रस, लवंगेच्या तेलाचा थेंब. तोटी मी सांभाळली, वास सौ.ने घ्यायचा. वास घेताना ती डोळे मिटते. एकाग्रता वाखाणण्याजोगी.

"आहे," ती म्हणाली. "अजून आहे." मी थेंब सोडत राहिलो. "आहे हो. लवंग कुठे जाते एवढ्यात." पेला भरत आला तेव्हा कोठे ती म्हणाली, "गेला."

त्या प्रमाणाने काथवटीत कुंकू केले. रंग असा दाट की नजर ठरेना. मी म्हणालो, काय सुरेख लाल झाले आहे. "झालंय ना?" तिने दोनदा विचारले. शेवंतीला देण्यापूर्वी स्वतः परीक्षा घ्यावी म्हणून टिळा लावला. संध्यावंदन संपेपर्यंत कपाळावर निखारा ठेवल्यासारखे झाले. धुतले तरी चट्टा राहिला.

सौ. माझ्या कपाळाला तूप लावत होती. तिचे बोट भुवईवरून सरकत सरकत जागेवर आले. म्हणाली, "राहू द्या आता. बाजारातून आणू दे त्यांना. माझाच हात गेलाय."

"हात कसा जाईल? तू उद्या बघ," मी म्हणालो.

रात्री अक्षदाचा फोन. ऐकून प्रथम हसली, मग म्हणाली, "सांगत होते ना मी. लवंगेचा वास चुना फारच जास्त झाल्याशिवाय जात नाही. उतरायचं ठाण्याला आणि जाग आली कल्याणला, असली ती लवंग."

"मग तुमचे दर्शक द्रव्य खोटे सांगते?"

"खोटं नाही सांगत. ते त्याच्या जागेवर खरंच बदलतं. पण त्याची जागा आणि आपली जागा एक आहे का, हे आपण बघायचं असतं. आपला समबिंदू आठ-साडेआठला. तिथेच ज्याचा वास जाईल असं काहीतरी हवं."

माझा शब्द तिने वापरला. त्या समाधानात कपाळाची आग थोडी शमली.

भाद्रपद वद्य दशमी

शीळफाट्याला वाहने खोळंबली म्हणून अक्षदा दुपार उलटून आली. पिशवीतून एक लहान बाटली काढली. केकच्या दुकानातली. व्हॅनिला.

"आजोबा, नाही म्हणायच्या आधी ऐका. कुंकवात जाणार नाही. कांद्यासारखं तामस नाही. आणि ह्याचा वास बरोबर तिथेच जातो."

लवंगेने माझा अधिकार पुरेसा उणा केला होता. मी म्हणालो, "करा."

खिडकीतले ऊन पेल्यावर येत होते. पेला सौ.च्या हाती, तोटी अक्षदाकडे, मी केवळ साक्षी. पेल्यात चिमूटभर हळदही होती, ताळा पाहण्यासाठी. घरभर वाढदिवसासारखा वास सुटला.

"आहे," सौ. म्हणाली. "आहे. आता मंद झाला." अक्षदाने तोटी जवळजवळ मिटली. एक थेंब. सौ.ने पेला नाकाशी धरला, डोळे मिटलेले. "थांब. गेला."

मी पाहिले. हळद त्याच थेंबाला पिवळ्याची नारिंगी झाली होती. मापक म्हणाले, आठच्या वर थोडेसे.

"आजी, कमाल आहेस," अक्षदा म्हणाली. तिने आजीला घट्ट मिठी मारली. एका पेल्यासाठी एवढे कशाला, ते मला कळले नाही.

सौ.ने प्रयोग पुन्हा करायला लावला. मग तिसऱ्यांदा, या वेळी तोटी स्वतःच्या हाती घेऊन. बोटांनी तोटीची फिरकी जोखली आणि दर वेळी नेमकी तेथेच थांबली. चौथ्यांदा निवळी मुद्दाम पातळ करून अक्षदाने तिला फसवू पाहिले. ती फसली नाही. लहान मुलीसारखी म्हणाली, "आणा अजून काय आणायचं ते."

मी अक्षदाला एकीकडे विचारले, "रंग आणि वास एकाच थेंबाला बदलले. मग रंग पाहणे सोपे नव्हते काय?"

ती म्हणाली, "तुम्हाला सोपं आहे, आजोबा."

भाद्रपद वद्य त्रयोदशी

नमुना झाला. पेल्यातल्या प्रमाणाने काथवटीत. मळताना लाल झाले आणि झोंबले नाही. माझ्या चट्ट्याशेजारीच लावून पाहिले.

शेवंती सुनेला घेऊन आली. आधी स्वतःला लावले, मग सुनेला, मग दोघी आमच्याकडे चहा पीत वाट पाहत बसल्या. चहा संपला, गप्पा संपल्या, कपाळे शांत.

"थंड हाय," शेवंती म्हणाली. "काकी, हात तुमचाच बरा. बाजाराचा नको आपल्याला."

सौ. म्हणाली, "तुझ्या सुनेचा चट्टा गेला ना गं?" पण हे ती सुनेलाच विचारत होती. सून हसून म्हणाली, "काकी, मीच सून." शेवंती हसली नाही. तिने सौ.कडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि जाताना मला उंबऱ्याशी म्हणाली, "शास्त्रीबुवा, काकींकडे लक्ष असू द्या."

मी म्हणालो, देवीचे आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसले. हे दिव्याजवळ बसून लिहीत आहे. कालपर्यंतची पाने मघाशी चाळली. सारे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे आणि मला दिसले नाही.

पहाटे सौ. काथवट घेऊन बसली. आज पहिल्या माळेचे कुंकू. नवरात्रात ते रोज ताजे लागते. प्रमाण पेल्यात काढून झाले होते. रिवाज म्हणून रंगाची खात्री शेवटी मला विचारून करायची, हेही ठरलेले. घटासाठी जागा हवी म्हणून अक्षदाने माझा जपाचा पाट आज खिडकीकडे सरकवला होता. नेहमीच्या जागी नुसती भिंत होती.

मी माळ घेऊन खिडकीशी बसलो. मौन सुरू झाले. थोड्या वेळाने सौ.ने मान वर केली आणि विचारले, "अहो, लाल झालं का?"

तिने ते भिंतीला विचारले.

मी सवयीने मान हलवली होती. ती भिंतीकडे तोंड करून थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. उत्तर येईल म्हणून ताटकळणाऱ्या माणसाचा चेहरा होता. मग तिचा हात पळीकडे वळला.

धूर दिसला म्हणजे अग्नी असतो, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. मध्ये ओले लाकूड लागते, तीच दडलेली अट. ते ओले लाकूड शोधायला मी चुना बदलला, हळद बदलली, लवंग आणली. मागच्या नवरात्राला, यंदाच्या गौरीला माझी मान हलत होती आणि तिला ती दिसत नव्हती. उत्तर नाही म्हणून ती आणखी एक पळी घालत होती. जास्वंदी, मिरच्या, भुवईवरून चालत आलेले बोट. अक्षदाला पहिल्या दिवशी कळले. शेवंतीला चहाच्या एका पेल्यात कळले.

मी माळ खाली ठेवली.

"झालं," म्हणालो. "लाल झालं. थांब."

तिचा हात पळीवरच राहिला. तिने तोंड आवाजाच्या दिशेला, माझ्याकडे वळवले. "अहो, मौन मोडलं तुमचं."

"माळ पुन्हा पहिल्यापासून धरतो."

"पहिल्या माळेला?" ती म्हणाली. मग काय समजायचे ते समजली. काथवटीच्या कडेने बोट फिरवत म्हणाली, "मागच्या नवरात्रापासून धुरकट दिसतंय. सांगितलं असतं तर देवीचं कुंकू काढून घेतलं असतं कुणीतरी."

"कोण काढून घेणार? नाक आहे ना तुझे."

ती हसली. आत अक्षदा भांडी आदळत होती, आम्हाला ऐकू येत नाही असे भासवण्यासाठी. दसऱ्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ तिने कधीच घेऊन ठेवली आहे, हे तिने नंतर सांगितले.

शेवंती कुंकू न्यायला आली तेव्हा करंडा सौ.ने स्वतः तिच्या हाती दिला.

उद्याचा पाट मी आताच उचलून काथवटीशेजारी मांडला आहे. कुंकू झाल्याशिवाय माळ हाती घेणार नाही.